वाऱ्याची काच

आमच्या घरात घड्याळ नव्हतं, पण कारंजा गावाला वेळ सांगायचं काम आमच्याच घरचं होतं. माझे बाबा कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात बॉयलरचे मोठे आगवाले. गाव त्यांना गणपत मिस्त्री म्हणायचं. मुनीमजींच्या खोलीतल्या घड्याळाकडे एक नजर टाकून ते साखळी ओढत आणि कारखान्याचा भोंगा असा काही कोकलायचा, की बाजारातल्या दुकानदारांपासून शाळेतल्या मास्तरांपर्यंत सगळे आपापली घड्याळं त्याच्याशी लावून घेत. बाबांनी दोन घोट चहा जास्त घेतला तर गावाची शाळा उशिरा भरते, असं माझी माय म्हणायची. म्हणताना तिच्या आवाजात तक्रार कमी आणि तोराच जास्त असायचा.

कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून कामगारांच्या खोल्यांची एक ओळ होती. त्यात बॉयलरघराला सगळ्यांत जवळची खोली आमची. दसऱ्याला हंगामाचा मुहूर्त व्हायचा आणि तिथून उन्हं तापेपर्यंत आमच्या भिंती थरथरत राहायच्या. फळीवरची पितळी भांडी एकमेकींना लागून बारीक किणकिणायची, यंत्रांच्या पट्ट्यांची थडथड जमिनीतून तळपायांत यायची, आणि रुई तर विचारूच नका. केसांत रुई, पापण्यांवर रुई, कितीही फडकं झाका तरी पिठाच्या परातीत रुई. "आपून रुईच खातो अन् रुईच पांघरतो," माय म्हणायची आणि भाकरी थापता थापता फुंकर मारायची. बाहेरगावचा पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसायचा. आम्हा पोरांचं उलट होतं. हंगाम संपून यंत्रं थांबली की पहिले काही दिवस आम्हाला झोपच लागायची नाही.

बाबा जेवायला बसले तरी त्यांचा एक कान भिंतीपलीकडे असायचा. घास हातात धरून मध्येच थांबायचे. "रहमतनं कोळसा जाड टाकला," म्हणायचे, आणि थोड्या वेळानं चिमणीतून काळा धूर निघालाच म्हणून समजा. रहमतचाचा म्हणजे बाबांच्या हाताखालचे आगवाले. उंच, हाडकुळे, दाढीला मेंदी लावणारे, आणि बाबांना उस्ताद म्हणणारे. ते राखेत वांगी भाजून आमच्याकडे आणून द्यायचे आणि माय ती नाकाशी नेऊन परत त्यांच्या हातात ठेवायची. दगडी कोळशाच्या वासाचं भरीत तिला चालायचं नाही. वांगं भाजायचं ते तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्यांवरच, आणि त्यावर कच्चं जवसाचं तेल, हिरवी मिरची, कांद्याची पात. "भाभी, तुम्हारी नाक तो बॉयलर इन्स्पेक्टर है," रहमतचाचा म्हणायचे आणि वांगी स्वतःच खाऊन टाकायचे. दर वेळी आणायचे, दर वेळी परत न्यायचे. दोघांनाही त्यात मजा वाटत असावी.

माझा नातू आता एका मोठ्या कारखान्यात आहे. थंडगार खोलीत बसून पडद्यावरचे आकडे बघतो, आणि तिकडे चार मजली उंच बॉयलरच्या झडपा आपोआप उघडतात, मिटतात. मागच्या दिवाळीत तो मला ते सगळं मोबाइलवर दाखवत होता. "आजी, हवा किती, कोळसा किती, सगळं यंत्र ठरवतं. माणसानं फक्त बघत बसायचं." मी म्हटलं, "अरे बाप्पा, माझ्या बाबांनी फक्त बघत बसायचं कबूल केलं, म्हणून तर आमचं बिऱ्हाड उठायची वेळ आली होती." तो हसला. आजी काहीतरीच बोलते असं त्याला वाटलं. वाटू दे. म्हणून तर हे नीट लिहून ठेवते आहे.

तर त्या वेळी आमच्या बॉयलरवर बघायच्या गोष्टी दोनच होत्या. एक वाफेचं घड्याळ, म्हणजे वाफेचा दाब दाखवणारा काटा. दुसरी पाण्याची काच, आत पाणी किती आहे ते दाखवणारी. या दोन्ही जिवाच्या गोष्टी, त्यांच्यावरून नजर हलवायची नाही. पण आग बरोबर जळते का, कोळशाची उष्णता पाण्याला लागते की चिमणीतून आभाळात जाते, हे दाखवणारं काहीच नव्हतं. त्याला बाबांचा कान. आगीला हवा कमी पडली की ती गुरगुरते आणि जास्त झाली की फुरफुरते, असं ते सांगायचे. मला दोन्ही आवाज सारखेच वाटायचे. चिमणीच्या बुडाशी एक लोखंडी झडप होती, ती साखळीनं वरखाली करून ते हवा कमी-जास्त करायचे, आणि त्यांच्या मते त्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या वऱ्हाडात कोणी नव्हता.

शेटजींचं मत वेगळं होतं. शेटजी, म्हणजे कारखान्याचे मालक, वाईट माणूस नव्हते. पोरांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायचे, कामगाराच्या घरी कोणी गेलं तर स्वतः येऊन ओट्यावर बसायचे. पण कोळसा मूर्तिजापूरहून छोट्या आगगाडीनं यायचा, तो दर साली महाग होत होता, आणि दोन गावं पलीकडच्या जिनात तेलाचं इंजिन बसलं होतं. त्याला कोळसा लागत नव्हता, चिमणी लागत नव्हती, आणि मुख्य म्हणजे आगवाला लागत नव्हता. त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी शेटजींनी बाबांना बोलावून सरळ सांगितलं. मुंबईहून एक यंत्र मागवलं आहे, आगीचा हिशेब दाखवणारं. त्यानं दिवाळीपर्यंत कोळसा कमी लागला तर बॉयलर राहील. नाही तर पुढच्या हंगामाला तेलाचं इंजिन येईल.

बाबांनी घरी येऊन हे दोन वाक्यांत सांगितलं आणि पाय धुवायला गेले. माय चुलीपुढंच बसून राहिली. बॉयलर गेला तर खोली जाणार, आणि खोली गेली की आसेगावला काकांकडे. काकांचं स्वतःचंच जेमतेम चालायचं, त्यात आम्ही. आणि आसेगावात मुलींना पुढं शिकायची सोय नव्हती. मला बाई व्हायचं होतं, शाळेतली बाई, हातात खडू आणि काखेत छत्री असलेली. मी मायला विचारलं, "मंग माही शाळा?" माय म्हणाली, "आधी भाकर उलट, करपून राह्यली." त्यावरून मी काय ते समजले.

यंत्र घेऊन बापट साहेब आले. पुण्याकडचे, तरुण, गोरेपान, आणि रुईनं सारखे शिंकणारे. आम्हाला वाटलं होतं यंत्र म्हणजे काहीतरी अवजड धूड असेल. निघाली एक लाकडी फळी आणि तिच्यावर बसवलेली इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी. नळीत लाल रंगाचं पाणी. नळीचं एक टोक तांब्याच्या बारीक नळीनं चिमणीच्या बुडाशी जोडलेलं, आणि दुसरं टोक वर तोंड करून मोकळं. फळीवर साहेबांनी एक रेघ मारली. फळी बॉयलरघराच्या भिंतीवर ठोकली गेली तेव्हा दारात बाया, पोरं, जिनातले कामगार, सगळी जत्रा भरली होती.

"चिमणी हवा ओढते," साहेब समजावून सांगत होते. "किती जोरानं ओढते ते या पाण्याला कळतं. कमी ओढली तर कोळसा कच्चा जळतो. जास्त ओढली तर फुकटची हवा तापते आणि उष्णता घेऊन निघून जाते. दोन्हीकडून नुकसान. पाणी या रेघेवर असलं की समजायचं, बरोबर आहे."

बाबा हाताची घडी घालून उभे होते. म्हणाले, "म्हंजे साहेब, आता धुराड्याले थर्मामीटर लावता. उद्या त्याले औषधबी द्या लागनं."

सगळे खो खो हसले. शेटजीसुद्धा हसले. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी भट्टीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भारा पेटवायला लावला आणि सगळ्यांना नळीकडे बघायला सांगितलं. आग धरली, चिमणी ओढू लागली, आणि ते लाल पाणी एका बाजूनं हळूहळू वर चढायला लागलं. झडप खाली केली की पाणी उतरे, वर केली की चढे. आता कोणी हसेना. माय माझा हात घट्ट धरून म्हणाली, "अवं माय वं, थे तं श्वास घेऊन राह्यलं!" तिचे डोळे असे झाले होते जसे देवळात होतात. त्या दिवसापासून तिनं त्याला नाव दिलं, वाऱ्याची काच, आणि तेच सगळीकडे चाललं.

जाण्यापूर्वी साहेबांनी बाबांना बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे किती, मी दारातच होते. "मिस्त्री, तुमच्या कानाबद्दल मी ऐकलं आहे. पण दिवाळीपर्यंत कान बाजूला ठेवा. पाणी रेघेखाली आलं की झडप उघडा, वर गेलं की मिटा. मनानं काही करायचं नाही आणि काचेला हात लावायचा नाही. मी दिवाळीनंतर येऊन बघतो. कबूल?" बाबा म्हणाले, "कबूल." माझ्या बाबांची एक खोड होती. एकदा कबूल म्हटलं की मग आभाळ कोसळलं तरी ते हलायचे नाहीत. साहेब सणाला आपल्या घरी निघून गेले.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी बॉयलर थंडच असायचा, दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पेटवायचा. बाबा आणि रहमतचाचांनी पितळेचे नळ चिंचेनं घासून लखलखीत केले होते. फावडी, पाने, हातोडे धुऊन पोत्यावर मांडले होते. बॉयलरच्या पूजेचं ताट मोठ्या आगवाल्याच्या घरून यायचं, म्हणजे आमच्याकडून, आणि मायला त्याचा फार अभिमान. हळद, कुंकू, झेंडूचे हार, नारळ, आणि वाटीत कालवलेला शेंदूर. शेंदूर एरवी गोड्या तेलात कालवतात. त्या वर्षी गोडं तेल दिव्यांना संपलं होतं म्हणून मायनं घरातलं जवसाचं घेतलं. आमचा स्वयंपाक जवसाच्या तेलाचाच असायचा, ते घरात कधी कमी पडत नसे.

पहिला टिळा मालकाचा, ही रीत. शेटजींनी बॉयलरच्या छाताडावर शेंदराचं स्वस्तिक काढलं, वाफेच्या घड्याळाला बोट लावलं आणि विचारलं, "अन् हे नवे पावणे? यायले काहून सोडता?" सगळ्यांना ते पटलं. खरी आशा त्या काचेवरच तर होती. टिळा लावायचा तो माथ्यावर, आणि काचेच्या नळीचा माथा म्हणजे तिचं वरचं मोकळं तोंड, करंगळीच्या नखाएवढं. शेटजींनी तिथं बोट टेकवलं. मग मुनीमजींनी, मग बाबांनीही (पूजेचं बोट म्हणजे हात लावणं थोडंच), मग मायनं, आणि तिच्या मागून जिनातल्या झाडून साऱ्या बायांनी. रहमतचाचांनी शेंदूर लावला नाही, त्यांनी फळीच्या खिळ्याला झेंडूचं फूल अडकवलं. मी आज हे सांगते आहे म्हणून तुम्हाला ते बुजलेलं तोंड दिसतं. तेव्हा त्या गर्दीत एकाच्याही ध्यानात आलं नाही. आणि एकदा लावलेला शेंदूर आपल्याकडे कोण पुसतो हो?

दसऱ्याला भोंगा झाला, बॉयलर पेटला, हंगाम सुरू झाला. वाऱ्याच्या काचेतलं पाणी हललं न हललं आणि रेघेच्या खालीच बसून राहिलं. बाबांनी सांगितल्याबरहुकूम झडप उघडली. पाणी तिथंच. आणखी उघडली. शेवटी पूर्ण उघडून टाकली तरी पाणी रेघेला शिवेना. साहेबांनी तर कबूल करून घेतलं होतं की पाणी खाली असेल तर झडप उघडी ठेवायची. बाबांनी ठेवली. आग भट्टीत वेड्यासारखी धावायला लागली, ते मला भिंतीपलीकडूनही कळत होतं. कोळशाच्या टोपल्या वजनकाट्यावर चढायच्या आणि भट्टीत जायच्या, चढायच्या आणि जायच्या. मागच्या हंगामापेक्षा कोळसा कमी लागायचा सोडून वाढतच चालला. रहमतचाचा घामानं निथळत म्हणायचे, "उस्ताद, ये आग नहीं, आँधी है. आधा कोयला आसमान में जा रहा. थोडा दाबो ना." बाबा म्हणायचे, "जबान दी है, रहमत." आणि पुन्हा स्टुलावर बसून काचेकडे बघत राहायचे.

घरी तर बघवेना. बाबा जेवताना घास धरून थांबेनासे झाले. भिंतीकडे पाठ करून बसायचे, खाली मान घालून जेवायचे आणि उठायचे. मायनं त्यांच्या आवडीची बेसनाच्या पातोडीची रस्सेदार भाजी केली, ती त्यांनी अर्धी तशीच ठेवली. "तब्येत बरी नाई काय?" माय विचारायची. "बरी हाये." झालं, संपलं बोलणं. दिवाळीला करंज्या झाल्या, अनारसे झाले, पण मायनं तळताना एकदाही गाणं म्हटलं नाही. तिनं फळीवरची भांडी खाली काढून घासली आणि परत फळीवर न ठेवता पोत्यात बांधली. मी बघते आहे हे बघून म्हणाली, "लय धूळ बसते वं तिथं." मी त्या दुपारी शाळेच्या पाठीमागे जाऊन पोटभर रडले. आजही सांगते, आपल्यापासून काय लपवतात ते पोरांना अगदी स्पष्ट दिसतं. मोठ्यांना उगीच वाटतं की आपण फार शहाणे.

दिवाळीनंतर बापट साहेब आले. हंगामात दुपारचं बाबांना आग सोडून घरी यायला फुरसत नसायची, म्हणून माय आणि मी भर दुपारी भाकरीचं फडकं घेऊन बॉयलरघरात गेलो. तर तिथं शेटजी, मुनीमजी, साहेब, सगळे उभे. शेटजींचा आवाज चढलेला. "साहेब, कोळसा उतराचा सोडून चढला. तुमचं यंत्रबी पाह्यलं अन् आमचा मिस्त्रीबी पाह्यला. आता मले इंजिनच आनू द्या." साहेब स्टुलावर चढले. झडप खालीवर करायला लावली. पाणी जागचं हलेना. त्यांनी तांब्याची नळी तपासली, ती साफ होती. मग नळीच्या वरच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि थांबले. खिशातून चाकू काढला, टोकानं टोकरलं. काजळीनं काळा झालेला एक कडक खडा निघून खाली पडला. आणि काय सांगू तुम्हाला, ते लाल पाणी असं उसळलं की रेघ ओलांडून पार वर गेलं!

साहेबांनी खडा उचलून मोडला. आतून लालभडक. "हा शेंदूर आहे," ते म्हणाले, "जवसाच्या तेलातला. वाफेच्या नळांचे सांधे भरायला फिटर वापरतात तो. वाळला की दगड होतो." मग कोपऱ्यातल्या बाबांच्या हत्यारांच्या पेटीकडे बघत हळू म्हणाले, "वरून हवा लागली नाही तर पाणी हलत नाही. नळीचं तोंड कोणीतरी बुजवलं आहे, शेटजी."

पेटीत तसल्याच शेंदराचा डबा होता. असणारच, सांधे भरायचं काम बाबांचंच होतं. शेटजी बाबांकडे वळले. "गणपत, डबा कोनाचा?"

"माहा," बाबा म्हणाले.

"या काचेवर सगळ्यांत पह्यले हासलं कोन?"

"मी."

"मंग हे तोंड बुजवलं कोनं?"

बाबांनी एकदा मायकडे बघितलं आणि नजर भट्टीकडे वळवली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की शेंदूर कुठून आला ते त्यांना त्याच क्षणी उमगलं आहे. आणि हेही कळलं की ते सांगणार नाहीत. "इतके साल भाकर खाल्ली तू इथची," शेटजी म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता, आणि तो चढलेल्या आवाजापेक्षा वाईट होता. रहमतचाचा पुढं सरकले, बाबांनी हातानंच त्यांना थांबवलं. इंजिन येणं वेगळं आणि चोर, बेईमान म्हणून गावातून जाणं वेगळं.

माझी माय शेटजींसमोर आयुष्यात बोलली नव्हती. ते दिसले की डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत यायचा. तिनं भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं. पदर होता तिथंच होता, पण ती पुढं झाली आणि साहेबांना म्हणाली, "थो डब्यातला नाई, साहेब. थो पूजेतला हाये. खंडेनवमीले मीनं कालवला, माह्या हातानं, जवसाच्या तेलात. गोडं तेल सरलं होतं. देवाच्या माथ्यावर लावतो तसा लावला."

साहेब बघतच राहिले. "तुम्ही लावलात?"

"मीनंबी लावला. समद्यायनं लावला." मग ती शेटजींच्या बाजूला वळली. "पन पह्यलं बोट शेटजीचं होतं. नवे पावणे कायले सोडता, म्हनले होते. माह्या घरधन्याले बेइमान म्हना, पन आधी आपलं बोट पाहा."

मुनीमजी चष्मा पुसायला लागले. शेटजींनी खरंच आपला उजवा हात उचलून त्या बोटाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की आज मला हसू येतं, तेव्हा मात्र जीव मुठीत धरून उभी होते. पहिल्यांदा हसले ते साहेब. हसता हसता शिंकायला लागले. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. सणाला जायला नको होतं, निदान जाताना तोंडाला जाळी तरी बसवायला हवी होती." मग शेटजी बाबांजवळ गेले. "अरे, बोलाले तोंड नव्हतं काय तुले?" असं रागानं म्हणाले आणि त्यांचा खांदा धरून चांगला गदागदा हलवला. माफी मागायची त्यांची तीच तऱ्हा असावी.

पुढचं आधीच सांगून टाकते. झडप रेघेप्रमाणे खाली आली आणि कोळसा उतरला. नुसता उतरला नाही, बाबांच्या कानावर बॉयलर चालायचा त्याहून कमी लागायला लागला. बाबांनी हे स्वतः शेटजींना जाऊन सांगितलं, आणि घरी येऊन मायलाही सांगितलं, जरा अवघडूनच. तेलाचं इंजिन आलं ते फार पुढं, मी शाळेतली बाई होऊन छत्री घेऊन हिंडायला लागल्यावर. खंडेनवमीला काचेच्या नळीला नंतर कोणी शेंदूर लावला नाही. टिळा फळीला लागायचा.

पण मला आठवते ती त्या दिवसाची संध्याकाळ. पाळी बदलून बाबा लवकर घरी आले होते. मायनं पोत्यातली भांडी काढून पुन्हा फळीवर मांडली होती, पलीकडे यंत्रं चालू होती आणि ती किणकिणत होती. आमच्या घरात आधी बाबा जेवायचे, मग मी, आणि माय सगळ्यांत शेवटी, उरल्यासुरल्यावर, चुलीकडे तोंड करून. तिनं बाबांना वाढलं. तुरीच्या दाण्यांची आमटी होती, ज्वारीची भाकरी, लसणाचा ठेचा.

मग माय म्हणाली, "आज कायले गप्प बसले तुमी?"

"तुह्यावर आलं असतं."

"अन् इतके दिवस? तुमाले आवाजावरून कळलं नवतं काय, का आग चुकून राह्यली म्हनून?"

"कळलं होतं. दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

"मंग कोनाले सांगतलं काहून नाई?"

बाबा ताटातल्या आमटीत बोट फिरवत राहिले. "कोनाले सांगू? जबान देल्ली होती. अन् भर सभेत त्या काचेवर हासलो होतो मी. आता सांगाले गेलो असतो तं लोक म्हनते, बुढ्ढा नव्या कामाले भेऊन राह्यला. मानलं कोनं असतं?"

मायनं पळी खाली ठेवली.

"मीनं मानलं असतं," ती म्हणाली. आणि इतका वेळ न रडलेली माझी माय पदर तोंडाशी धरून रडायला लागली.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं आगीचे सगळे आवाज ओळखणारा माणूस, पण आपल्या घरात आपल्याला मानणारं कोणी बसलं आहे हे त्यांना त्या संध्याकाळी कळलं. ते उठले, फळीवरचं दुसरं ताट काढलं, आपल्या ताटासमोर ठेवलं, आणि हातातली भाकरी मोडून अर्धी त्यात वाढली. माय नको नको म्हणत होती. मग डोळे पुसून पुढं सरकली, आणि बाबांच्या समोर बसून जेवली.